पुरवणी जोडली आहे

८ जानेवारी

ती. बाई,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर पाहून तुमचा चष्मा कपाळावर गेला असेल. तीन वर्षांनी लिहिते आहे. फोन करणार होते, पण तो कोण उचलेल या धाकाने हात मागे आला. टपालपेटीची किल्ली मात्र तुमच्याच पर्समध्ये असते, म्हणून हा कागद.

मुद्दा पहिल्या परिच्छेदात आला नाही तर तुम्ही गुण कापता, तर मुद्दा असा की मी घर घेते आहे. आपल्यात म्हणतातच, घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून. लग्न तुमच्या घरात, तुमची सून म्हणून, सात वर्षं करून पाहिलं. आता उरलेलं अर्धं पाहते. तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, खाली पंप दुरुस्त करणाऱ्याचं दुकान. विकणारे आजोबा मुलीकडे राहायला निघालेत आणि मार्चअखेरपर्यंत थांबायला तयार आहेत. त्यानंतर दुसरं गिऱ्हाईक उभं आहे, रोख घेऊन.

मी अजून त्याच कामात आहे. दंतवैद्य मापं पाठवतात आणि आम्ही कवळ्या बनवतो. बँकेत अर्ज द्यायचा तर शिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, आणि माझं तुमच्या लोखंडी कपाटात वरच्या खणात राहिलंय, विम्याच्या कागदांखाली. तेवढं पाठवाल का? दुसरं काही मागत नाही.

तुमचे गुडघे कसे आहेत?

तुमची,
कवळीवाली

१५ जानेवारी

चि. कवळीवालीस,

आशीर्वाद. प्रमाणपत्र सोबत आहे. कोपरा दुमडलेला होता, तो वहीखाली दाबून सरळ केला.

तुझ्या पत्राला दहापैकी चार. पंपाचं दुकान आहे, आजोबा आहेत, पण घराची किंमत नाही, तुझा पगार नाही, हातात किती आहेत ते नाही. मोघम लिहायची खोड अजून गेलेली नाही. बँकेत असं बोललीस तर ते तुला पाणी पाजून परत पाठवतील.

या घराचं कर्ज मी एकटीने काढलं होतं आणि एकटीने फेडलं. माझा नवरा गेला तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता. तेव्हा मी शिकवायचे त्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी मला सांगितलं होतं, "बाई, कर्जाचा अर्ज म्हणजे तोंडी परीक्षा. उत्तरं घरून पाठ करून जा." म्हणून तुला गृहपाठ देते. पूर्ण वाक्यांत उत्तरं लिहून पाठव. तुझ्या नावावर आधीचं कर्ज आहे का? त्याचा एखादा हप्ता कधी चुकला आहे का? खरं लिही, बँकेला ते आधीच माहीत असतं. पगाराच्या सहा महिन्यांच्या स्लिपा जवळ आहेत का? हप्ता पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यात बसतो का, की नाकापेक्षा मोती जड होतो आहे? आणि शेवटचा प्रश्न, एकट्या माणसाला घर कशाला? तो प्रश्न माझा नाही, पण तो विचारणारा माणूस बँकेत एक तरी असतो.

दहा बँकांची दारं ठोठावू नकोस. प्रत्येक चौकशीची नोंद राहते आणि अकरावा विचारतो की दहांनी का नाही म्हटलं.

गुडघे जागेवर आहेत. घरी शांत आहे.

बाई

२ फेब्रुवारी

ती. बाई,

नमस्कार. गृहपाठ करायला दोन आठवडे लागले, कारण खरं लिही म्हणालात.

माझ्या नावावर स्कूटरचं कर्ज आहे. हप्ता एकही बुडाला नाही, पण प्रत्येक हप्ता उशिरा गेलाय, कारण पगार पाच तारखेला होतो आणि हप्ता तीनला असतो. बावीस महिने मी दर महिन्याला दोन दिवसांचा दंड भरत होते आणि तारीख बदलून मिळते का हे विचारायचं मला सुचलं नाही. तुमचा प्रश्न वाचून गेले, तर पाच मिनिटांत बदलून दिली. काउंटरवरच्या मुलीने माझ्याकडे असं पाहिलं की माझी मलाच कीव आली. मग राहिलेले चार हप्तेही एकदम भरून टाकले. स्लिपा सगळ्या आहेत. घराचा हप्ता पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा कमी बसतो. सगळे आकडे वेगळ्या कागदावर लिहिलेत. तपासा.

एकट्या माणसाला घर कशाला, याचं पूर्ण वाक्यात उत्तर. तुमच्याकडून निघाल्यापासून माझी ही चौथी खोली. इथल्या घरमालकीणबाई चांगल्या आहेत, पण त्यांच्याकडे माझ्या खोलीची किल्ली आहे. टाकी बघायची होती, पडदे बघायचे होते, असं म्हणून त्या येतात. परवा मी कामावरून आले तर त्या माझ्या पलंगावर बसून मी घरी आणलेली मेणाची कवळी उलटसुलट करून पाहत होत्या. पुढचे दोन दात उलटे बसवले होते त्यांनी. त्या दातांचे मालक सोमवारी तोंड उघडून बसणार होते. मला असं दार हवंय ज्याची किल्ली फक्त माझ्याकडे असेल. बाकी घर कसंही चालेल.

एक अडचण आलीय. माझी इथली नोकरी तीनच वर्षांची, आणि बँकेला पाच लागतात. म्हणून जामीनदार मागितलाय, स्वतःचं घर आणि नियमित उत्पन्न असलेला. आमचे मालक बँकेला चालत नाहीत, कारण पगार तेच देतात. माझ्या भावाने सही करीन म्हटलं, पण घर त्याच्याही नावावर लावायचं. बघते कुणीतरी.

बाई, घरी शांत आहे म्हणजे किती दिवसांचं शांत आहे?

तुमची,
कवळीवाली

९ फेब्रुवारी

चि. कवळीवालीस,

आशीर्वाद. आकडे तपासले. एक बेरीज चुकली होती, ती तुझ्याच फायद्याची निघाली. हातात जरा जास्त आहेत तुझ्या.

स्कूटरचं वाचून मी कपाळाला हात लावला. पण नीट केलंस. कर्ज फिटल्याचं पत्र मागून घे आणि अर्जाला जोड. तोंडी 'फिटलं' म्हणतात, त्यावर विसंबू नकोस. घराचे मूळ कागद वकिलाला दाखव. आजोबा कितीही गोड असले तरी दाखव. गोड माणसांचे कागद जास्त नीट बघावेत. बँकेत जाताना कागद तारखेच्या क्रमाने लाव आणि कशाची छायाप्रत कुठे आहे ते वरच्या पानावर लिही. साहेबाला शोधायला लागलं नाही की तो निम्मा खूश असतो.

दारावरचं उत्तर चांगलं आहे. तसंच सांग, फक्त दातांची गोष्ट गाळ.

पंचवीस दिवस.

बाई

२० फेब्रुवारी

ती. बाई,

पंचवीस दिवस वाचून जेवण गेलं नाही. त्या घरातली अळीमिळी गुपचिळी मला पाठ आहे. तुमचे चिरंजीव रागावले की भिंतीशी लग्न लागल्यासारखे बसायचे, आणि तुम्ही मधे बसून "तिला सांग मीठ कमी आहे", "त्याला सांग कपडे आले" असे निरोप पोचवायचात. सगळ्यात लांब मुक्काम एकेचाळीस दिवसांचा होता. आता मी तिथे नाही, तर तो कुणाशी बोलत नाहीये हे उघड आहे. कशावरून, ते तुम्ही लिहिलं नाहीत.

आणि दुसरंही एक तुम्ही लिहिलं नाहीत. माझ्या पत्रातल्या प्रत्येक ओळीला तुम्ही उत्तर दिलंत, बेरजेलासुद्धा. फक्त जामीनदाराची ओळ तुम्हाला दिसली नाही. तुम्हाला न दिसणारी ओळ मी अजून पाहिलेली नाही.

मी विचारणार नव्हते. पण पाच जणांना विचारून झालं, आणि सगळे घरी विचारून सांगतो म्हणाले. म्हणून सरळ विचारते. तुम्ही माझ्यासाठी जामीन राहाल का? बँकेच्या फॉर्मवर लिहिलंय की जामीनदाराने तो भरून थेट बँकेला पाठवायचा, अर्जदाराला दाखवायचा नाही. नाही म्हणालात तर मी समजून घेईन. तो तुमचा मुलगा आहे, आणि मी त्याला सोडून गेलेली आहे.

ते एकदा बोलून टाकते. मी दोन बॅगा घेऊन निघाले तेव्हा तुम्ही टेबलाशी शिकवणीच्या वह्या तपासत होतात. तुम्ही मान वर केली नाहीत. "डबा घेतलास का?" एवढंच म्हणालात, जशी मी रोजच्यासारखी कामाला निघाले होते. थांब म्हणाला नाहीत, जा म्हणाला नाहीत. तीन वर्षं झाली, मी चूक केली असं तुम्हाला वाटतं का, हे मला कळलेलं नाही. कोर्टाने काय म्हटलं त्याने मला फरक पडला नाही. तुमचं मत मला हवं होतं.

तुमची,
कवळीवाली

२७ फेब्रुवारी

चि. कवळीवालीस,

आशीर्वाद. ताकाला जाऊन भांडं लपवायची तुला सवय. सरळ विचारायला तीन पत्रं लागली. पण या वेळी भांडं मीही लपवत होते, म्हणून गुण कापत नाही.

ओळ दिसली होती. जामीन राहायचं तर माझ्या घराचे कागद लागतात, आणि ते त्याच्या कपाटात. पंधरा जानेवारीला तुझं प्रमाणपत्र काढताना त्याने विचारलं, कुणाला पाठवतेस. मी खरं सांगितलं. तेव्हापासून तो बोलला नाही. ताट वाढलं की जेवतो, औषधं आणून टेबलावर ठेवतो, पैसे मोजून देतो. वाईट वागत नाही. मला कळेना की या वयात आणखी किती दिवस मला पेलतील, म्हणून तुझी ओळ मी वाचलीच नाही असं केलं. भित्रेपणा तो. चाळीस वर्षं मुलांना धीट व्हा म्हणून सांगितलं आणि स्वतः एका कपाटाला घाबरले.

काल तो कामावर गेल्यावर मी कपाट उघडलं. कुलूप नव्हतंच. कागद घेतले, छायाप्रती काढल्या, कागद होते तसे ठेवले. संध्याकाळी त्याला सांगितलं की मी तिला जामीन राहते आहे. तो टीव्ही बघत होता. आवाज एक घर वाढवला.

तेव्हा जामीनदाराचा फॉर्म पाठव. वर लिहिलं आहे की जामीनदाराने भरून तो थेट बँकेला पाठवायचा, अर्जदाराला दाखवायचा नाही, असं तू म्हणतेस. नियम चांगला आहे. मी तो पाळणार. बाकी जे विचारलंस त्याचं उत्तर मला पत्रात लिहिता येत नाही. तीन मसुदे फाडले.

बाई

१६ मार्च

ती. बाई,

आज कर्जवाल्या साहेबांनी बोलावलं होतं. माझी फाईल त्यांनी बाजूला काढून ठेवलीय. कागद सगळे चोख आहेत, इतकी नीट लावलेली फाईल बऱ्याच दिवसांत पाहिली नाही म्हणाले. अडलंय ते जामीनदाराच्या फॉर्मवर.

"तुमच्या जामीनदार तुमच्यावर नाराज आहेत का?" असं त्यांनी मला विचारलं. मग त्यांनी प्रश्न अकरा वाचून दाखवला. अर्जदाराने यापूर्वी एखादी जबाबदारी अर्धवट सोडली आहे का? ते म्हणाले, बारा वर्षांत या रकान्यात सगळ्यांनी 'नाही' लिहिलंय, न वाचता. तुम्ही 'हो' लिहिलंत.

मी तशीच उठले. बाहेर येऊन स्कूटरवर बसले आणि चावी लावायची विसरले. बाई, खोटं लिहा असं मी म्हणाले नसते. पण तो रकाना रिकामा सोडता आला असता. मी तुम्हाला पत्रात विचारलं आणि तुम्ही उत्तर बँकेला दिलंत. कळलं मला.

आजोबा एकतीसपर्यंतच थांबणार आहेत. साहेब म्हणतात दुसरा जामीनदार आणा. पंधरा दिवसांत तो कुठून आणू? जाऊ दे. तुमच्या घरात माझ्यावरून इतके दिवस बोलणं बंद राहिलं, त्याचं जास्त वाईट वाटतंय. तुम्ही कागद घेतलेत, उन्हातून जाऊन छायाप्रती काढल्यात. त्याबद्दल आभार.

कवळीवाली

१९ मार्च

चि. कवळीवालीस,

तुझं पत्र आत्ता अकरा वाजता मिळालं आणि बारा वाजता हे टपालात पडेल, म्हणून थोडक्यात.

'हो'च्या पुढे 'पुरवणी जोडली आहे' असं मी लिहिलं आहे. ते तुझ्या साहेबांनी वाचलं का? त्यांनी पुरवणी वाचली का? फॉर्मवर उत्तराला एक ओळ जागा होती. एका ओळीत ते मावत नव्हतं, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहिलेला कागद त्याच पाकिटात घातला होता. परीक्षकाने पुरवणी न तपासता नापास केलं तर पेपर फेरतपासणीला जातो. जाऊन विचार.

उत्तर मी बदलणार नाही.

बाई

२५ मार्च

ती. बाई,

मी गेले. साहेबांना म्हटलं, पुरवणी कुठाय? ते म्हणाले, कसली पुरवणी? पाकीट फाईलला टाचलेलं होतं. त्यात बोटं घातली तर तुमचा कागद आतच, चौघडी घातलेला. टाचणी त्याच्यातूनच गेली होती.

साहेबांनी तो उभ्यानेच वाचला. मग बसून पुन्हा वाचला. मग म्हणाले, हा अर्जदाराला दाखवायचा नसतो, आणि कागद माझ्या बाजूला वळवून ठेवून ते चहा प्यायला गेले. चांगली पंधरा मिनिटं गेले. मी तो माझ्या हाताने उतरवून घेतला. तुम्हीच लिहिलेलं तुम्हालाच परत लिहून पाठवते, कारण यातला एक शब्दही मला माझ्या शब्दांत सांगता येणार नाही.

"प्रश्न अकराचं उत्तर 'हो' आहे, कारण ते खरं आहे. अर्जदार माझ्या मुलाची बायको होती. सात वर्षांनी तिने तो संसार सोडला. माझा मुलगा वाईट नाही. तो रागावला की बोलत नाही, आणि त्या सात वर्षांतली निदान तीन तो बोललेला नाही. तेव्हा दोघांचे निरोप मी पोचवत असे. मला वाटायचं, मी घर सांभाळते आहे. मी फक्त ते लांबवत होते.

ती गेली त्या दिवशी मी समोर वह्या तपासत बसले होते. त्या दिवशी मी एकही वही तपासलेली नाही. तिने जावं असंच मला वाटत होतं. जा, बरोबर करते आहेस, हे आईने म्हणायचं असतं. ते म्हणायला मला तीन वर्षं लागली, आणि तेही मी तिला सोडून बँकेला कळवते आहे. जबाबदारी अर्धवट सोडणाऱ्यांत बँकेने आधी माझं नाव लिहावं.

हप्त्यांचं विचाराल तर इतकंच सांगते. समोरून उत्तर येणार नाही हे माहीत असताना ही मुलगी सात वर्षं रोज दारात उभी राहून 'येते हं' म्हणून कामाला गेली. एक दिवस चुकला नाही. ती वीस वर्षं हप्ता भरेल. न भरल्यास मी आहे."

साहेब परत आले तेव्हा मी रुमालात तोंड घालून बसले होते. ते म्हणाले, "आमच्या शाळेत अशा बाई नव्हत्या." आणि फॉर्मवर शिक्का मारला. आज मंजुरीचं पत्र हातात पडलं. आजोबांना दाखवलं, तर त्यांनी चष्मा काढून पुसून पुन्हा वाचलं आणि मला म्हणाले, खिडकीची वरची कडी घट्ट आहे, जोर लावावा लागतो.

मी बरोबर केलं असं तुम्हाला वाटत होतं. तीन वर्षं मी रोज झोपताना त्या दारातून परत निघत होते, बाई. काल रात्री निघाले नाही.

एकतीसला सह्या आहेत. पाच एप्रिलला मी राहायला जाते. खोल्या दोन आहेत, आणि मला एकीतच झोपायला येतं.

तुमची,
कवळीवाली

३० मार्च

चि. कवळीवालीस,

आशीर्वाद. सही करायच्या आधी प्रत्येक पान वाच. वकील घाई करतील, त्यांना करू दे.

मी अकरा एप्रिलला येते. चार दिवस राहीन, मग परत जाईन, कारण तोही माझाच आहे. त्याला सांगितलं. उत्तर आलं नाही, पण सकाळी माझी बॅग माळ्यावरून काढून खाली ठेवलेली होती. त्याचं बोलणं सध्या एवढंच आहे.

स्टेशनवर येऊ नकोस, पत्ता शोधायला मला जमतं. माझ्यासाठी गादी, पडदे, काही विकत घेऊ नकोस, आत्ता हातात पैसे राहू देत. घरसुद्धा लगेच दाखवत बसू नकोस. तू फक्त समोर बस आणि बोल. पंपाचं सांग, आजोबांचं सांग, त्या उलट्या दातांचं सुद्धा सांग. पंच्याहत्तर दिवस झाले, घरात माणसाचा आवाज मी ऐकलेला नाही. तू बोलत राहा, मी चुका काढणार नाही.

बाई